रेणापूरची टॉर्च उघडत नव्हती

मराठवाड्यातून परतल्यापासून मालवणात जो भेटतो तो विचारतो, "मग, काय काय बघितलंस?" लोकांना गुरुद्वारा ऐकायचा असतो, किल्ले-लेणी ऐकायची असतात. मी म्हणते, "टॉर्च बघितल्या." समोरच्याचा चेहरा पडतो. त्यांचं काही चुकत नाही. तिथे होते तेवढे दिवस माझाही चेहरा साधारण तसाच होता. कशाचा कशाला मेळ लागत नव्हता, आणि आज लिहायला बसले तरी सगळा लागलाय अशातला भाग नाही.

आधी माझं काम सांगते. समुद्रकाठच्या एका डायव्हिंग केंद्रात मी सामान सांभाळते. पर्यटक पाण्याखाली जाऊन मासे बघून येतात आणि त्यांच्या अंगावरून उतरलेलं सगळं मी धुते, वाळवते, उघडते, पुन्हा बंद करते. त्यात पाण्याखालच्या टॉर्च हा माझा खास प्रांत. पाणी आत जाऊ नये म्हणून तिचं झाकण आट्यांचं असतं आणि आत एक रबरी कडं असतं. खारं पाणी सुकलं, कडं कोरडं पडलं किंवा आत सेल फुटला, की झाकण असं धरून बसतं की दोन पुरुष लागूनही हलत नाही. मग ते दोन पुरुष माझ्याकडे येतात.

बालाजी आमच्याकडे दोन हंगाम होता. लातूर जिल्ह्यातला मुलगा, समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा "ह्याचा पल्याडचा काठ कुठाय?" म्हणाला होता. पण पाण्यात शिरला की माशासारखा. आता तो नांदेडला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम करतो, आणि गोदावरीत किंवा कुठल्या विहिरीत कुणी बुडालं की तो आणि त्याचे मित्र शोधायला उतरतात. आमच्या केंद्राने त्यांना जुन्या टॉर्च दिल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला.

"ताई, बॅटऱ्या उघडना गेल्यात. तुमी या."

तिकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात. मी म्हटलं, "कुरिअरने पाठव. दोन दिवसांत करून देते."

"बाकीच्या पाठवता येतील. एक न्हाई पाठवता येत. ती एका घरी हाय. दहाव्याच्या आत लागाय पायजे, न्हाईतर ती माय दहावा करू देईना."

हळूहळू उलगडलं ते असं. रेणापूरकडच्या एका गावात एक तरुण पोरगा विहिरीत पोहायला उतरला आणि वर आला नाही. बालाजीच्या मंडळींनी त्याला शोधून काढलं. ज्या टॉर्चच्या उजेडात तो दिसला ती टॉर्च त्याच्या आईने मागून घेतली आणि घरात, दिव्यापाशी, चालू करून ठेवली. चार दिवसांत ती विझली. आई म्हणाली, ती परत लागल्याशिवाय माझ्या लेकराचा दहावा व्हायचा नाही. भावकी हात जोडून दमली. आणि टॉर्च उघडत नव्हती.

प्रत्येक शब्द मला समजला, पण सगळे मिळून काही कळलं नाही. नवीन टॉर्च का नाही चालत? गावात झाकण उघडणारा एकही माणूस नाही? मी पिशवीत माझी हत्यारं भरायला लागले, तसा नवरा दारातून म्हणाला, "थंय समुद्र तरी आसा काय?"

नांदेड

स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळ होती असं घड्याळ सांगत होतं, ऊन काही सांगत नव्हतं. आमच्याकडे उन्हाळा घामाने कळतो. इथे घाम फुटायच्या आधीच वाळतो, त्यामुळे आपल्याला उकडतंय की नाही हेही पटकन कळत नाही. बालाजी ऑटो घेऊन आला होता. पहिल्यांदा त्याने मला गुरुद्वारात लंगरला बसवलं. पंगतीत डाळ-रोटी आली, खीर आली, कुणी नाव-गाव विचारलं नाही. आमच्याकडे चहासुद्धा तीन पिढ्या काढल्याशिवाय मिळत नाही. मी दोनदा खीर घेतली.

बालाजी एका घराच्या माडीवर भाड्याने राहतो. खाली घरमालकीण सरूकाकू. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी "सुशीला खानार का?" असं विचारलं तेव्हा मी घाबरून बालाजीकडे बघितलं. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना पोह्यांसारखी फोडणी दिलेली असते, आणि फार चांगली लागते. पण हे सांगायला मला आधी कुणी नको का?

बालाजीने सिमेंटच्या गोणीतून पाच टॉर्च काढून गच्चीवर मांडल्या. मी एकेक हातात घेतली आणि माझं डोकंच फिरलं. पाचांचंही बटण चालूवर होतं. टॉर्च चालू ठेवून विसरलं की सेल पुरता रिकामा होतो, मग फुटतो, मग त्याची पांढरी भुकटी स्प्रिंग खाते आणि झाकण आतून धरते. केंद्रात पहिल्याच दिवशी हे शिकवतात.

"बालाजी, तुला काय शिकवलं होतं मी? वापरून झाली की बंद करायची, सेल काढायचे, उघडी ठेवायची."

"ठाव हाय, ताई."

"मग हे काय?"

"ह्या समद्या मयताच्या घरून परत आल्यात." तो मान खाली घालून बोलला. "पैल्यांदा किनवटकडच्या एका बाईनं मागून घेतली. तिच्या मालकाला आमी ह्याच बॅटरीनं काढलं व्हतं. दिव्यापाशी ठिवते म्हनली. मग बातमी पसरली. आता समदेच मागत्यात. न्हाई कसं म्हनावं?"

"बरं, ठेवू दे. पण बंद का नाही करत?"

"दिवा कुनी विझवतं का, ताई?"

"मग सेल संपले की बदलायचे!"

"घरच्यांनी हात लावायचा न्हाई त्याला."

"दिव्यात तेल तर घालतात ना घरचेच?"

"तेल घालनं येगळं, उघडनं येगळं."

"मग तू उघड जाऊन."

"मी तर काढनारा. ज्यानं मानूस काढला त्यानं दहा दिवस त्या घराचा उंबरा वलांडायचा न्हाई."

"गावातलं कुणी?"

"समदी भावकीच की हो तिथं."

मी हातातली टॉर्च खाली ठेवली. "म्हणजे तुम्हाला टॉर्च दुरुस्त करणारी नकोय. परकी बाई हवीय."

बालाजीने खरोखर विचार केला. "दोन्ही," तो म्हणाला.

बरं, मग कामाला तरी लागावं म्हणून मी बादलीभर पाणी मागवलं. आमच्याकडे झाकण अडकलं की टॉर्च गोड्या पाण्यात बुडवून ठेवायची, मीठ विरघळतं, झाकण सुटतं. हे मी इतक्या वर्षांत हजार वेळा केलंय. पाचही टॉर्च बादलीत टाकल्या. संध्याकाळी बाहेर काढल्या तर आधी जे झाकण निदान कुरकुरत होतं ते आता तेवढंही करेना. मी बालाजीकडे बघितलं, बालाजी बादलीकडे. बादलीत तळाला काळा चिखल बसला होता. मीठ इथे कुठून असणार? आट्यांमध्ये विहिरीतली काळी माती होती, आणि काळी माती पाणी पिऊन फुगते. मी तिला पोटभर पाजलं होतं.

मग करायचं काय ते मला सुचेना. मी चिडून टॉर्च तशाच गच्चीच्या कठड्यावर ठेवल्या, तोंडं भिंतीकडे करून. अडकलेल्या टॉर्चचं तोंड माणसाकडे ठेवायचं नाही, आतला सेल फुटला असेल तर वायू कोंडतो, एवढं शहाणपण शिल्लक होतं. सकाळी सुशीला खाताना वर काहीतरी 'फट्' वाजलं, आणि पाठोपाठ सरूकाकूंचा आवाज आला.

"अगं बया! काय करून राहिले तुमी लोकं?"

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला काकूंनी जुन्या लुगड्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. भिंतीवर आपटून उडालेलं झाकण त्या कुरडयांच्या मधोमध पडलं होतं. उन्हाने माती वाळली, वाळून भेगाळली, आत वायू तापला, आणि पाचांतल्या एका टॉर्चने आपलं आपण उघडून घेतलं. उरलेल्या चार मग मी सांभाळून, पाठ वळवून, आट्यांवर लाकडाने ठोकत ठोकत उघडल्या. कोरडी माती ढेकळासारखी गळाली. ज्ञान असं मिळालं. त्यापायी काकूंच्या निम्म्या कुरडया गेल्या, आणि मी माफी मागायला गेले तर त्यांनी उरलेल्यातल्या मलाच तळून घातल्या.

दुपारी आम्ही बाजारात हिंडलो. रबरी कडी फवारणी पंपाच्या दुकानात मिळाली. सिलिकॉनचं ग्रीस सबमर्सिबल मोटारवाल्याकडे. इथली मंडळी कड्याला गोडेतेल चोळत होती, त्याने रबर फुगतं. काजळाइतकं ग्रीस बोटावर घ्यायचं, कडं नुसतं चमकलं पाहिजे, असं मी बालाजीला पुन्हा शिकवलं. भुकटी धुवायला व्हिनेगर हवं होतं, ते चायनीजच्या गाडीवाल्याकडून घेतलं. त्याला वाटलं मी त्याच्यासमोर नूडल्सची गाडी लावतेय.

पाच टॉर्च झाल्या. पण ज्या एकीसाठी आले होते ती उन्हात ठेवता येणार नव्हती, कारण तिला घराबाहेर काढायचं नव्हतं. दहावा परवावर आला होता.

लातूर

लोहा, अहमदपूर करत एसटी लातूरला पोचली. वाटेत दोन्ही बाजूंना नांगरून उघडी पडलेली काळी रानं होती, आणि मधूनमधून विहिरी. आमच्याकडे विहिरीत वाकलं की पाणी दिसतं. इथे एसटी चहाला थांबली तिथल्या एका विहिरीच्या काठावर मी उभी राहिले आणि दोन पावलं मागे आले. आमचं अख्खं घर आत उतरवून वर कौलं बसवायला जागा उरली असती. पाणी फार खाली होतं, काळं, त्यात काहीच दिसत नव्हतं. तिथे बालाजी उतरतो हे मला माहीत होतं, पण खरं तेव्हा कळलं. मला त्याचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली, आणि तसं मी त्याला सांगितलं. तो लाजला आणि म्हणाला, "चला, निलंगा राईस खाऊ."

तो मसालेदार भात खाऊन आम्ही ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये गेलो. मला ऑइल फिल्टर काढायचा पट्ट्याचा पाना हवा होता. पट्टा गोल वस्तूला कवळून धरतो, ओरखडा येत नाही.

"कोनता ट्रॅक्टर हाय?" मिस्त्रीने विचारलं.

"टॉर्च आहे."

"कोनत्या ट्रॅक्टरची?"

"ट्रॅक्टर नाहीये."

"मग फिल्टर कामून काढून राहिल्या, ताई?"

बालाजीने त्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. मिस्त्री परत आला, पाना पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "काम झाल्यावर पाठवा. घाई न्हाई."

रेणापूरच्या अलीकडे

गावाचं नाव लिहीत नाही. बालाजी फाट्यावर लिंबाखाली थांबला, तिथून मयताचे चुलते किशनराव मला न्यायला आले. उंच, वाकलेले, बोलणं नकोसं झालेले. वाटेत एकदाच बोलले.

"वहिनी जेवना बगा. निसतं पानी. तुमच्यानं हुईल का ते?"

"प्रयत्न करते."

"करा. उद्या समदे सोयरे येनार. ती अडून बसली तर लोकं काय म्हनतील ते सोडा, पर तिचं काय हुईल?"

घरात खूप माणसं होती आणि आवाज नव्हता. कोपऱ्यात पीठ पसरलेलं, त्यावर तेलाचा दिवा जळत होता. आमच्याकडेही असंच करतात. आणि दिव्याशेजारी आमच्या केंद्राची पिवळी टॉर्च आडवी ठेवलेली. तिच्यावर आमचा नंबर अजून होता. माझं मलाच विचित्र वाटलं.

गयाबाई, म्हणजे त्या पोराची आई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनीच मोठ्या असतील. मी गप्प राहायला हवं होतं, पण गोंधळात मी नेहमी जास्त बोलते.

"ताई, दिवा तर जळतोय की. मग हिची काय गरज?"

खोलीतल्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. गयाबाई रागावल्या नाहीत. मला काही साधं माहीत नसावं अशा आवाजात त्यांनी विचारलं, "पान्यात तेलाचा दिवा जळतो का, माय?"

मी पिशवी खाली ठेवली.

"दोन दिस माजं लेकरू खाली अंधारात व्हतं. तिथं हिचाच उजेड गेला. तेलाचा न्हाई गेला." त्या टॉर्चकडे बघत होत्या. "आन् मग हीबी गेली."

मी तिथेच जमिनीवर बसले. टॉर्च जागेवरून हलवायची नव्हती, म्हणून पिठाच्या कडेला पालथी पडून मी पट्टा झाकणाला कवळला. पण टॉर्चचं अंग धरायला दुसरा हात लागतो. ते गुळगुळीत आणि मी एकटी. पाना फिरवला की सगळी टॉर्चच फिरायची. मी वर बघितलं. कुणी पुढे येईना, येणार नव्हतंच.

"मी धरते," गयाबाई म्हणाल्या.

"वहिनी, हात लावू नगा," दारातून किशनराव.

"मी न्हाई धरायचं तर कुनी धरायचं?"

त्या समोर येऊन बसल्या. मी त्यांना माझा रबरी हातमोजा दिला. त्यांनी टॉर्च अशी पकडली की मला वाटलं आता नळीच चेपेल. मी पाना डावीकडे ओढला. त्यांना वाटलं आपणही मदत करावी, म्हणून त्यांनीही जोर लावला, पण त्या समोर असल्यामुळे त्यांचा जोर माझ्याच बाजूने पडला. टॉर्च फिरली, पाना फिरला, मी फिरले, त्या फिरल्या. झाकण होतं तिथेच. मी म्हटलं, "उलटं, ताई." त्यांनी उलटं केलं आणि मीही घाईत उलटं केलं. पुन्हा आम्ही दोघी गोल फिरलो. कोपऱ्यातल्या एका तरुण मुलीला हसू फुटलं आणि तिने पदर तोंडात कोंबला. ती त्या पोराची बहीण होती.

"हसू दे तिला," गयाबाई म्हणाल्या. "तुमी धरा, बाई. मी फिरवते."

मग मी दोन्ही हातांनी टॉर्च धरली, तोंड भिंतीकडे केलं आणि त्यांनी पाना ओढला. जात्याचा खुंटा ओढावा तसा, खांद्यातून. कर्र झालं. मग आतून हवा सुटल्याचा बारीक आवाज आला आणि काळी माती पिठावर पडली. मला इतका आनंद झाला की मी त्या घरात "सुटलं!" असं ओरडले, आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दारातले पुरुषही पुढे झुकून बघत होते.

सेल फुगले होते, ठोकून काढावे लागले. स्प्रिंग व्हिनेगरने घासली, घरभर लोणच्यासारखा वास पसरला. आटे ब्रशने झाडले, नवं कडं बसवलं, काजळाइतकं ग्रीस लावलं. नवे सेल घातले आणि झाकण फिरवत नेलं. बटण मी तपासलं नाही, माझ्या ध्यानातच राहिलं नाही. ते तर पहिल्या दिवसापासून चालूच होतं. शेवटच्या आट्याला टॉर्च माझ्या हातातच एकदम पेटली आणि उजेड सरळ गयाबाईंच्या तोंडावर गेला.

त्यांनी डोळे मिटले नाहीत. बराच वेळ तशाच बघत राहिल्या. मग किशनरावांना म्हणाल्या, "सोयऱ्यांना सांगा, या म्हनावं."

दहाव्याच्या दिवशी

रात्री मी किशनरावांच्या घरी झोपले. सकाळी पुरुष नदीवर गेले आणि ऊन चढल्यावर परत आले. सगळं रीतसर झालं म्हणाले. मला निघायचं होतं, पण अशा घरातून 'येते' म्हणायचं नसतं, आणि न सांगता कसं निघावं ते उमजेना, म्हणून मी ओटीवर नुसतीच घुटमळत होते. आतून निरोप आला, गयाबाई बोलावतायत.

टॉर्च अजून जळत होती. दिवसाउजेडी तिचा उजेड भिंतीवर जेमतेम दिसत होता.

"ही आता अशीच जळत ऱ्हाती का?" त्यांनी विचारलं.

"सेल संपेपर्यंत."

"आन् मग परत अडकंल?"

"हो. चालूच ठेवली तर अडकणार."

त्यांनी भिंतीवरच्या उजेडाकडे बघितलं. "मग दुसऱ्या कुनाचं लेकरू खाली असंल तर तेला काय लावतील?"

मी बालाजीला आणि त्याच्या दोस्तांना तीन दिवस हेच ओरडून सांगत होते, आणि आता ते त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मला वाटलं, नको, राहू दे चालू, मी दहा टॉर्च पाठवते.

"बंद कशी करायची?"

मी बटण दाखवलं. दारातून कुणीतरी "वहिनी..." म्हणालं. त्यांनी तिकडे बघितलं नाही. अंगठ्याने बटण मागे सारलं. टक् आवाज झाला आणि भिंतीवरचा तो फिकट उजेड गेला.

"आता उघडा," त्या म्हणाल्या.

या वेळी झाकण दोन बोटांनी फिरलं. सेल घरंगळून त्यांच्या ओच्यात पडले. त्यांनी रिकामी नळी माझ्या हातून घेतली, एक डोळा मिटून आत बघितलं. मग आत बोट घातलं, सगळीकडून फिरवलं, बाहेर काढून बोटाकडे बघितलं.

"पानी न्हाई आत," त्या म्हणाल्या. "इतकं खाली जाऊनबी कोरडं हाय."

आणि दहा दिवसांत पहिल्यांदा त्या रडल्या. हे मला नंतर किशनरावांनी सांगितलं; त्या क्षणी मला एवढंच कळलं की खोलीतल्या सगळ्या बायका एकदम उठून त्यांच्याकडे धावल्या. मुलीने त्यांचं डोकं छातीशी धरलं. कुणीतरी भाकरी आणायला सांगितलं. मी भिंतीशी सरकून बसले. झाकण माझ्या हातात राहिलं होतं, आणि ते परत लावायचं की नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं.